उभ्या गाडीचा पंचनामा

दसरा ओलांडला की यवतमाळ जिल्ह्यात कापूस फुटतो. बाया धुऱ्यावर सीतादहीची पूजा करून वेचणीला लागतात, आणि बघता बघता घरातली एक खोली, मग दुसरी, मग माजघर असं करत कापूस आढ्याला टेकतो. तो राळेगाव, घाटंजी, पांढरकवडा किंवा वणीच्या जिनिंगवर न्यायचा म्हणून पिकअपची आठवण निघते. पिकअप कडुनिंबाखाली उभीच असते. मागचा हंगाम संपला, लग्नसराईत दोन-चार वऱ्हाडं वाहून झाली (मालवाहू गाडीत माणसं बसवू नयेत हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे, वऱ्हाडालाही), मृगाच्या पावसाने पांदण रस्त्याचा चिखल केला, तेव्हापासून ती तिथेच आहे. दसऱ्याला तिच्या गळ्यात झेंडूचा हार पडतो, काचेवर कुंकवाची बोटं उमटतात, बॉनेटवर स्वस्तिक निघतं. उघडत नाही ते फक्त बॉनेट. आता मालक आत बसतो, देवाचं नाव घेतो आणि सेल मारतो. आतून ‘टक्’ एवढंच उत्तर येतं. इथून पुढे जो तपास चालतो तो नीट पाहिला तर लक्षात येतं की गाडीचा दोष शोधणं हे त्यातलं दुय्यम काम आहे. मुख्य काम आहे मालकाला निर्दोष सोडणं. चालू न होणं हा गाडीचा गुन्हा, तिला चार महिने उभं ठेवणं हा मालकाचा. चौकशी नेमाने पहिल्या गुन्ह्याची होते, कारण दुसऱ्या गुन्ह्यातला आरोपी पंचांना चहा पाजत असतो.

पंच जमायला वेळ लागत नाही. ‘टक्’ हा आवाज गावात फार लांब ऐकू जातो. ट्रॅक्टरवाला खर्रा घोटत येतो आणि बॉनेटकडे न बघताच सांगतो, “एअर घेतली असन.” त्याच्या ट्रॅक्टरने आजवर घेतलेली प्रत्येक रजा एअरच्या नावावर आहे. कृषी केंद्राच्या ओट्यावर बसणाऱ्याचं मत पडतं की डिझेलच बोगस. बोगस बियाण्याच्या इतक्या कथा त्याने ऐकलेल्या असतात की अस्सल वस्तू जगात उरली आहे यावर त्याचा विश्वास नाही. वायरमन अर्थिंगचा मुद्दा काढतो. कॉलेजातला मुलगा मोबाइलवर व्हिडिओ लावतो. त्यात पंजाबातला कुणीतरी दुसऱ्याच कंपनीची गाडी दुरुस्त करत असतो, पण निदान ती सुरू तरी होते. निवृत्त गुरुजी विचारतात, कंपनीच्या पुस्तकात काय लिहिलंय? पुस्तक विम्याच्या कागदांबरोबर पिशवीत आहे, पिशवी कपाटात आहे, आणि कपाटासमोर आता बारा क्विंटल कापूस आहे. “इंजेक्टर गेले असतीन,” असं कुणीतरी म्हणतं आणि मालकाचा चेहरा उजळतो. इंजेक्टर जाणं हे मानाचं आजारपण आहे. खर्चाचं आहे, यवतमाळपर्यंत किंवा नागपूरपर्यंत जाण्याजोगं आहे, आणि मुख्य म्हणजे त्यात मालकाचा काही हात नाही. एक म्हातारा मात्र हळूच विचारतो, “अमावस्येले उभी केली होती ना?” सगळे त्याला हसतात. खरं म्हणजे जमलेल्यांत तोच एकटा सत्याच्या जवळ गेलेला असतो, कारण गाडी उभी कधी केली हे विचारणारा दुसरा कुणी नाही.

गाडी स्वतः मात्र काहीच लपवत नाही. बसून राहिलेल्या डिझेल गाडीला बोलण्याच्या तीनच तऱ्हा असतात आणि त्या ऐकायला शिक्षण लागत नाही. किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज नाही, किंवा एखादा ‘टक्’, किंवा ‘टकटकटकटक’ अशी थरथर, आणि त्याच वेळी हेडलाइट मंद होतो: म्हणजे बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलला गंज चढला आहे. हेडलाइट जसाच्या तसा लख्ख आणि स्टार्टर मुका: म्हणजे करंट आहे, तो स्टार्टरपर्यंत पोचत नाही किंवा पोचून उपयोग होत नाही, तेव्हा फ्यूज, सोलेनॉइड, स्टार्टरमधले झिजलेले कार्बन पाहायचे. आणि स्टार्टर जोमात घर्रघर्र फिरतो पण इंजिन पकडत नाही: म्हणजे डिझेल चढत नाही. मग फिल्टरच्या बुडाचा नॉब सैल करून साचलेलं पाणी सोडायचं, वरचा स्क्रू ढिला करायचा आणि हातपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की स्क्रू आवळायचा. एवढंच. हेडलाइट लावून सेल मारायचा आणि लाइटकडे बघायचं, या एका परीक्षेत निम्मा खटला निकालात निघतो. पण ती सहसा शेवटी होते, कारण तिचा निकाल बहुधा बॅटरीच्या बाजूने लागतो आणि बॅटरी उतरली म्हटलं की पुढचा प्रश्न अटळ असतो: उतरली कशी?

म्हणून बॅटरीला वाचवायला पंचमंडळी जिवाचं रान करतात. पहिला बचाव: “लाइट तर लागून राह्यले, हॉर्न वाजून राह्यला, बॅटरी डाऊन कशी असन?” लाइटला आणि हॉर्नला काही अँपिअर पुरतात. डिझेलचं थंड इंजिन फिरवायला दोनशेच्या आसपास, कधी त्याहून जास्त लागतात. हॉर्न वाजणारी बॅटरी सेल घेईल ही खात्री कुणी दिलेली नाही. दुसरा बचाव गुरुजींचा, आणि तो वरवर बिनतोड आहे. वायरमनच्या मीटरवर बरोबर १२ व्होल्ट दिसतात, बॅटरीही १२ व्होल्टची, मग हिशेब चुकला कुठे? चुकला नावात. शिसं आणि आम्ल यांची ही बॅटरी भरलेली असते तेव्हा १२.६ व्होल्ट दाखवते. १२ वर आली म्हणजे तिचा जवळजवळ तीन चतुर्थांश माल संपलेला असतो. आणि तो नेला कुणी? गाडी बंद असतानाही घड्याळ, टेपची स्मरणशक्ती, जीपीएसची डबी, इंजिनाचा संगणक ही मंडळी थोडा थोडा करंट खातच असतात. समजा सगळी मिळून ३० मिलिअँपिअर खातात. ऐकायला काहीच नाही. पण दिवसाला ते पाऊण अँपिअर-अवरच्या जवळ जातं आणि महिन्याला साडेएकवीसच्या वर; ७५ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर चौथाईहून जास्त भाग एका महिन्यात, गाडी इंचभर न हलता. त्यात बॅटरीची स्वतःची गळती वेगळी. ती उन्हात वाढते, साधारण दर १० अंशांना दुपटीने. यवतमाळचा मे ४४-४५ अंशांचा. बर्फाच्या देशात बॅटरी थंडीने मरते म्हणून तिथले लोक हिवाळ्यात तिची काळजी घेतात. आपली मे महिन्यातच अर्धमेली होते आणि सुतक कार्तिकात धरलं जातं. बरं, रिकामी बॅटरी रिकामीच राहिली तर प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे बसतात, आणि ते कडक झाले की चार्जिंगलाही दाद देत नाहीत.

यावर कुणी म्हणेल की सगळंच उभं राहण्यावर ढकलणं अन्याय आहे. उंदराने वायर कुरतडली तर मालक काय करणार? उंदराची साक्ष काढूच. वायरींच्या वेष्टणात सोयाबीनपासून केलेला पदार्थ असतो म्हणून उंदीर त्या खातात, असं म्हणत अमेरिकेतल्या गाडीमालकांनी २०१६ साली टोयोटा कंपनीला कोर्टात खेचलं होतं. होंडा कंपनी तर वायरींना गुंडाळायला मिरचीचा अर्क लावलेली चिकटपट्टीच विकते. भिवापुरी मिरचीच्या पोत्याला भोक पाडून संसार थाटणाऱ्या विदर्भातल्या उंदराला ती पट्टी तोंडीलावणं वाटण्याचा संभव आहे, पण ते राहू द्या. सोयाबीनचा सिद्धांत आपल्याकडे टिकत नाही तो वेगळ्याच कारणाने. यवतमाळच्या उंदराला वायरीतल्या सोयाबीनची गरज काय? अस्सल सोयाबीनची थप्पी दहा पावलांवर आहे. तो इंजिनापाशी खायला जात नाही, राहायला जातो. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला काहीतरी कुरतडावं लागतं, आणि बाळंतपणाला निवांत जागा लागते. रोज धावणाऱ्या इंजिनावर कुणी उंदीर बिऱ्हाड करत नाही. हीच गत पाण्याची. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी पावसाळाभर उभी केली की दिवसा तापणाऱ्या आणि रात्री निवणाऱ्या हवेतलं बाष्प टाकीच्या भिंतींवर जमतं, पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला जातं आणि तिथूनच नळीत शिरतं. पंपवाला फुकटच्या शिव्या खातो. एअरही तशीच: जुन्या वॉशरमधून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल हळूहळू टाकीकडे परततं, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याचं निदान बरोबर ठरलं तरी फरक पडत नाही. ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटले, क्लचप्लेट गंजून बसली, टायर एका अंगाला चपटे झाले. साक्षीदार कितीही बदला, घटनास्थळ तेच.

माझं म्हणणं असं की हे न कळण्याएवढा अवघड विषयच नाही; कळून घ्यायचं की नाही एवढाच प्रश्न आहे. पुरावा २०२० चा आहे. २५ मार्चपासून सगळा देश घरात बसला आणि गाड्या दारात. टाळेबंदी सैल झाल्यावर लाखो गाड्यांनी ‘टक्’ म्हटलं, तेव्हा कुणी इंजेक्टरचं नाव काढलं नाही, डिझेलला बोगस म्हटलं नाही, अमावस्या काढली नाही. पोराटोरांनीही पहिल्या फटक्यात सांगितलं, उभी होती ना, बॅटरी उतरली असेल. कारण त्या खेपेला उभं ठेवण्याचा गुन्हा विषाणूच्या नावावर नोंदवलेला होता. पुढल्याच वर्षी ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. तेव्हाही आगारात महिनोन्‌महिने थांबलेल्या लाल गाडीला काय झालं असेल हे सांगायला फाट्यावरच्या प्रवाशाला मेकॅनिक लागला नाही. दोष आपला नसला की निदान किती चटकन होतं बघा. आणि उलट बाजूचा पुरावा हवा असेल तर यवतमाळला आपली शकुंतला रेल्वे आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर या नॅरोगेज मार्गावर मँचेस्टरला १९२१ साली घडवलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं. सत्तर वर्षं धावून त्याला जे झालं नाही ते मार्ग बंद पडल्यावर थोड्याच वर्षांत रुळांना झालं: बाभळी उगवल्या. धावण्याने यंत्र झिजतं हे खरंच, पण झिजणं हिशेबाने होतं. उभं राहण्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

आता खरे आक्षेप. पहिला: “आमी दर आठवड्याले दोन मिनिटं चालू करतो ना.” ही दोन मिनिटं नक्की कशासाठी असतात ते सांगणं कठीण आहे. वरच्याच हिशेबाने आठवड्यात पाच अँपिअर-अवर गेलेले असतात. अल्टरनेटरने त्या दोन मिनिटांत वीस अँपिअर दिले असं उदारपणे धरलं तरी परत येतात पाऊणच्या आत. इंजिन तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाण्याची वाफ जमते ती तिथेच राहते. बॅटरीच्या दृष्टीने हा सांत्वनाचा दौरा झाला. गाडी वीस-पंचवीस मिनिटं खरोखर रस्त्यावर पळवली तर गोष्ट निराळी. दुसरा आक्षेप नव्या गाड्यांचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, सेन्सर आले, किल्लीत चिप आली. आता हे घरगुती निदान चालणार कसं, लॅपटॉपच हवा. यात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. जुनी गाडी उतारावरून ढकलून दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला की सुटायची, कारण तिच्या यांत्रिक पंपाला विजेची फारशी पर्वा नव्हती. त्याआधी तर हँडल मारायची सोय होती. ते हात मोडेल अशा ताकदीने उलटं यायचं, त्यामुळे गाडी उभी ठेवण्याचा माज कुणाला परवडत नसे. नवीला धक्का मारायला आठ माणसं लावली तरी संगणकाला हवा तेवढा व्होल्टेज नसेल तर ती ढिम्म. पण त्याच कारणाने नव्या गाडीत पहिला संशय बॅटरीवर जास्तच घ्यायला पाहिजे. व्होल्टेज पडला की संगणक गोंधळतो आणि डॅशबोर्डवर एकदम पाच-सहा लाल-पिवळी चिन्हं उजळतात. मालकाला वाटतं पाच-सहा बिघाड झाले. (त्यातल्या त्यात भयंकर सल्ला इथेच येतो: ट्रकच्या बॅटरीवरून करंट द्या. ट्रकला दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तो करंट १२ च्या पिकअपला दिला की गाडी चालू होवो न होवो, खराखुरा बिघाड मात्र हमखास मिळतो, आणि मालकाला हवा असलेला महागडाही.)

तिसरा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. काम नसतं म्हणून गाडी उभी असते, पैसा नसतो म्हणून तिच्याकडे बघणं होत नाही. फायनान्सचा हप्ता मात्र एक दिवस उभा राहत नाही. कापसाच्या भावावर ज्याचं वर्ष लटकलेलं आहे त्याला गाडीची निगा राखा म्हणून सांगणं शहाजोगपणाचं होईल. पण या प्रकरणातली सगळ्यात गुणकारी निगा फुकट आहे. दहाचा पाना घ्यायचा, बॅटरीची निगेटिव्ह केबल सैल करायची, बाजूला वळवून ठेवायची. घड्याळ थांबेल, टेप गाणी विसरेल, बॅटरीला लागलेले बाहेरचे खाणारे उपाशी बसतील. मग एवढं तरी का होत नाही? पाना सापडत नाही हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. खरं कारण असं की गाडी चार महिने उभी ठेवायचा निर्णय जगात कुणीच घेत नाही. ती उद्यापर्यंत उभी असते. उद्या युरियाची पोती आणायची असतात, परवा दारव्ह्याला जायचं असतं, पाऊस उघडला की आर्णीला. केबल काढणं म्हणजे ‘उद्या’ नाही असं स्वतःच्या हाताने कबूल करणं. बैलाच्या बाबतीत ही पळवाट नाही. तो कामाला जुंपलेला नसला तरी रोज सकाळी वैरण मागतो, त्यामुळे त्याचं उभं राहणं मालकाला दिसतं. त्याला सणही ऐन रिकाम्या दिवसांत आहे: श्रावणातल्या अमावस्येला पोळा, आणि आदल्या संध्याकाळी हळद-तुपाने खांदे शेकून “आज आवतण घ्या, उद्या जेवाले या” म्हणून रीतसर आमंत्रण. ही पूजा हात लावून होते, खांद्यावर गाठ आहे का, कातडं सोललं आहे का हे चोळता चोळताच कळतं. पिकअपची पूजा लांबून होते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, बैलाचे खांदे झाले की त्याच हाताने बॉनेट वर करावं अशी सूचना करायला हरकत नाही; फक्त तुपाचा हात टर्मिनलला लावू नये, तिथे कोरड्या फडक्यानंतर पेट्रोलियम जेली पुरते.

शेवटी तालुक्याहून मिस्त्री येतो. मोटरसायकल स्टँडला लावता लावता तो विचारतो, “कधीपासून उभी हाये?” गर्दी गप्प. मालक आभाळाकडे बघत म्हणतो, “झाले असतीन आठ-पंधरा दिवस.” मिस्त्री वाद घालत नाही. बंपरच्या खालून वर आलेला तरोटा कमरेएवढा झालेला त्याला दिसतो, आरशाला कोळ्याने बांधलेलं जाळं दिसतं, आणि पुढच्या चाकापाशी दसऱ्याचं लिंबू दिसतं: सुकलेलं, सुरकुतलेलं, पण अखंड. दसऱ्याच्या लिंबावरून चाक न्यायचं असतं. ते गेलेलं नाही याचा अर्थ गाडीने ‘टक्’ आज पहिल्यांदा म्हटलेलं नाही. त्या दिवशीही म्हटलं होतं आणि मालकाने हार घालून विषय मिटवला होता. मिस्त्री बॉनेट उघडतो. पॉझिटिव्ह टर्मिनलवर पांढऱ्या-हिरव्या भुकटीचा गड्डा बसलेला असतो, बोटाने दाबला तर कुरकुरणारा. केबल सोडवून तो त्यावर गरम पाणी ओततो, भुकटी विरघळत वाहून जाते, खालून करड्या शिशाचा खुंट उघडा पडतो. कानस फिरवून तो केबल आवळतो आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जोडणी देतो: लाल लालला, काळी वायर आपल्या गाडीच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. सेल मारताच गाडी काळा धूर सोडून धडधडू लागते. जमलेल्यांच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा निराशा जास्त असते. एवढ्या पंचांनी अर्धा दिवस घालवावा आणि निघावी भुकटी! मिस्त्रीला धंदा कळतो. नुसती सफाई केली असं सांगितलं तर पैसे देताना मालकाला फसल्यासारखं वाटेल, म्हणून तो गंभीरपणे म्हणतो, “फिल्टरबी बदलून घ्या, आन् इंजेक्टर एकडाव चेक करून घेजा.” मालक पंचांकडे वळून बघतो. म्हटलं नव्हतं?

कापूस भरून गाडी जिनिंगवर पोचते. तिथे रांग आहे, फाटकापासून रस्त्यापर्यंत. पुढचे सगळे इंजिन बंद करून खाली उतरलेत, खर्रा घोटतायत. ही एकच पिकअप धडधडत उभी, कारण बॅटरी अजून भरलेली नाही आणि बंद केली तर इथे ट्रॅक्टर कुठून आणायचा? मागचा माणूस येऊन विचारतो, “भाऊ, बंद काऊन नाही करत? डिझेल फुकट भेटते काय?” मालक क्षणभरही अडखळत नाही. “या मॉडेलचं इंजिन गरम ठेवा लागते,” तो म्हणतो, “नाहीतर इंजेक्टर जातात. मिस्त्रीनंच सांगतलं.” मागचा माणूस मान डोलावतो. त्याच्याकडेही हेच मॉडेल आहे. तो परत जातो आणि आपलं इंजिन चालू करून ठेवतो.